विषय: पिनाच नसलेल्या सॉकेटची ‘पिन वाकली’ सांगून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. माझ्या मदरबोर्डच्या तक्रारीवर “मॅम, तुमचं तिकीट क्लोज झालंय, आता आमच्याकडून काही होणार नाही,” हे तुमच्या माणसाचं शेवटचं वाक्य. त्याच्यावर माझा राग नाही, समोरच्या स्क्रीनवर होतं ते त्याने वाचलं. ते स्क्रीनवर लिहिलं कुणी, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

बोर्ड तुमचा आहे, त्यामुळे तो कसा आहे हे तुम्हाला सांगत बसत नाही. ए520 चिपसेट, एएमडीचा प्रोसेसर बसतो तो एएम4 सॉकेट, रॅमचे दोन स्लॉट. त्यातला दुसरा स्लॉट मेलेला आहे. दोन्ही स्लॉटमध्ये आठ-आठ जीबीच्या रॅमच्या स्टिक लावल्या तरी बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सुरुवातीच्या सेटिंग स्क्रीनवर, आठच दिसतात. नुसत्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली तर डिस्प्लेच येत नाही. स्टिक अदलाबदल करून बघितल्या, पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतात. ज्या दुकानातून घेतलं, त्यांनी माझाच प्रोसेसर आणि माझ्याच दोन्ही स्टिक दुसऱ्या बोर्डावर चढवून दाखवल्या. तिथे सोळा जीबी, ड्युअल चॅनल म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र चालू, सगळं व्यवस्थित. म्हणजे प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, राहतो तो तुमचा बोर्ड. दुकानदाराने हे सगळं लिहून दिलं होतं आणि तो कागद तुमच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलेल्या बोर्डाच्या खोक्यातच ठेवला होता. तो कुणी उघडून वाचल्याची एकही खूण तुमच्या रिपोर्टमध्ये नाही.

आता रिपोर्टबद्दल. ‘सॉकेटच्या पिना वाकलेल्या, ग्राहकाच्या हाताळणीमुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही.’

एएम4 सॉकेटमध्ये पिना नसतात. पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, सॉकेटमध्ये त्यांच्यासाठी 1331 भोकं असतात. 2017 पासून लोक हे प्रोसेसर घरी बसवताहेत आणि कराडच्या दुकानातल्या पोरालाही हे माहीत आहे. बैलगाडीचं इंजिन जळालंय म्हणून सांगावं, तसा हा रिपोर्ट आहे, आणि खाली तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा शिक्का.

मी फोटो मागितला. आधी “फोटो ग्राहकाला देत नाही”, मग “वरिष्ठांना विचारतो”, आणि बऱ्याच तगाद्यानंतर तो मेलवर आला. फोटोत सॉकेटभोवती धातूची चौकट आहे आणि आत सोनेरी पिनांची जाळी, एका कोपऱ्यात दोन-तीन पिना आडव्या झालेल्या. हा इंटेलचा सॉकेट आहे. माझ्या बोर्डाला धातूची चौकट नाही, प्लास्टिकचा सॉकेट आहे आणि बाजूला एक दांडी. फोटोतला बोर्ड माझा नाही, हे कळायला सीरियल नंबरही लागत नाही.

हे मी फोनवर सांगितलं. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमच्यापर्यंत गेलंच पाहिजे.

“मॅम, फोटो फक्त रेफरन्ससाठी असतो.”
“कशाचा रेफरन्स? माझ्या बोर्डाचा फोटो कुठे आहे?”
“मॅम, पिना वाकल्या की असंच दिसतं.”
“पण माझ्या बोर्डाला पिनाच नाहीत.”
“मॅम, वाकल्या म्हणूनच दिसत नसतील.”
मी म्हटलं, तुमच्या इंजिनिअरला फोन द्या. तर म्हणाला, “मॅम, तुम्ही टेक्निकल आहात का? घरात कुणी जेन्ट्स असतील तर त्यांच्याशी बोलतो.”

हा बोर्ड मी निवडला, प्रोसेसर मी निवडला, असेंब्ली मी समोर बसून करून घेतली. बिल माझ्या नावाचं आहे. मी घरातून हिशेब लिहिते, परिसरातल्या छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरते. घरातल्या कोणत्या पुरुषाशी तुम्हाला बोलायचं होतं आणि तो तुम्हाला कोणती वेगळी पिन दाखवणार होता?

हा खर्च मी हौसेने केलेला नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. माझा सातव्या पिढीचा इंटेल आय3 प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नव्हता, आणि लोकांचे हिशेब मी सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर ठेवणार नाही. कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी जुनीच ठेवली. एएमडीचा रायझन 5 5600जी प्रोसेसर घेतला, कारण त्यात ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. तुमचा बोर्ड घेतला, कारण त्याच्या मागे व्हीजीए पोर्ट होता आणि माझा जुना मॉनिटर वाया जाणार नव्हता. एकेक रुपया असा बघून लावलेला आहे.

त्यावर तुमच्या हेल्पलाइनचा सल्ला: “एकच सोळा जीबीची स्टिक घ्या आणि पहिल्या स्लॉटमध्ये लावा.” रॅमचे भाव कुठे गेलेत, हे तुम्ही याच धंद्यात असून मी तुम्हाला सांगायचं? आणि आतलं ग्राफिक्स रॅममधूनच चालतं, एकाच चॅनलवर ते मंदावतं, हे तुमच्याच इंजिनिअरला विचारा. दोन स्लॉटचे पैसे घेऊन एका स्लॉटवर भागवा म्हणणारी कंपनी मला मंजूर नाही.

बोर्ड तुमच्याकडे पडून होता, तेव्हा भाच्याचा लॅपटॉप मागून काम ओढलं. 11 तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-1, 20 ला कर भरायचं रिटर्न 3बी. त्या तारखा तुमच्या तिकिटासाठी थांबत नाहीत, उशीर झाला तर दंड माझ्या दुकानदारांना बसतो. बोर्ड जसा गेला तसाच परत आला. आज आठ जीबीत टॅली, एक्सेल आणि पोर्टल एकत्र उघडलं की मशीन गुदमरतं.

आणि पुन्हा सांगते, तो फोटो माझ्या बोर्डाचा नाही. मग तो कुणाचा? ज्याच्या पिना खरोखर वाकल्या होत्या, त्याला काय कळवलंत? हे शोधून काढणं तुमचं काम आहे.

माझ्या जुन्या मशीनमध्येही तुमचाच बोर्ड होता. तो कधी कुरकुरला नाही, म्हणून मी तुमचं नाव चार दुकानदारांना सांगितलं होतं आणि त्यांनी घेतलेही. आता त्यांना काय सांगू?

मला हवं ते असं. चुकीचा रिपोर्ट लेखी रद्द करा. बोर्ड वॉरंटीत बदलून द्या, आणि तो नवा हवा, दुसऱ्या कुणाचा दुरुस्त केलेला नको. तो नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करा. कुरिअरचा खर्च तुमचा. आणि “घरात जेन्ट्स आहेत का” या प्रश्नाबद्दल लेखी माफी. ते कॉल तुम्ही रेकॉर्ड करता, असं तुमचीच टेप दर वेळी सांगते. तो कॉल काढून ऐका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. तुमचा रिपोर्ट, तुमचा फोटो आणि माझ्या बोर्डाचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखल करीन.

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, दुकानदाराची टिपणी, तुमचा रिपोर्ट, दोन्ही फोटो.

तुमची ग्राहक,
कराड, जि. सातारा