आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्यायाम घेणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की "अहो काका, त्यात काय!" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत.

आमच्याकडे व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका, हास्यक्लब आणि मग चहा. चालण्याने दम टिकतो, पण मांड्यांत ताकद यायला त्यांना ओझं द्यावंच लागतं, हे आम्हाला स्पष्ट सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. वयापरत्वे स्नायू झिजतात आणि त्यातही झटकन आकसणारे तंतू जास्त झिजतात. तोल गेला तर सावरायला नेमके तेच लागतात. हे कळल्यावर चहाची घाई जरा कमी झाली.

"या वयात वजनं?" असं आमच्या हिने विचारलं, तेव्हा तुम्ही बॉस्टनचा १९९० साली छापून आलेला प्रयोग सांगितलात. वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची माणसं, आठ आठवडे पायांनी वजनं उचलणं, आणि ताकदीत सरासरी १७४ टक्के वाढ. दोघांची तर काठी सुटली! हिचा पुढचा प्रश्न होता, "सुरू कधी करायचं?"

तुमची शिस्त मात्र कडक. खुर्ची भिंतीला टेकवलेली, हात छातीवर, उठायचं आणि तीन मोजत सावकाश बसायचं. धप्पकन बसलं की ते धरायचं नाही. आकडे मोठ्यानेच मोजायचे, कारण बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही आणि रक्तदाब उसळत नाही. जमायला लागलं की हातातल्या बाटल्यांत पाण्याऐवजी वाळू. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, तोल सांभाळण्याचे तीनदा; रोज करतो म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनाही तुम्ही विश्रांतीला घरी पाठवलंत. बिस्किटांच्या जागी उसळ आणि अंडी आली, त्यावर अजून कुरकुर आहे. माझीच.

गेली काही वर्षं ही गौरींची आरास खुर्चीवर बसून सांगायची आणि सुना करायच्या. यंदा स्वतः खाली बसून गौरींच्या निऱ्या काढल्या आणि कोणाचा हात न धरता उठली. सुनांनी बघितलं आणि त्यांच्या आयांसाठी तुमचा वर्ग कुठे असतो ते विचारून घेतलं. पुढच्या आठवड्यात दोघी येतील. खुर्च्या मी लावून ठेवतो.

आपला,
मागच्या रांगेतला काका