दंड करणारे शासन आणि करार करणारे शासन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या मालक कंपनीला, म्हणजे मेटाला, २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. बाजारातील आपल्या वर्चस्वाचा कंपनीने गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने याच मेटाशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्याचे जाहीर केले. स्पर्धा आयोग ही केंद्राच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे आणि करार करणारे राज्याचे शासन वेगळे आहे, हे मला समजते. तरीही एकाच नागरिकाच्या हिताची राखण करणाऱ्या या दोन यंत्रणांपैकी एक ज्या कंपनीला दोषी ठरवते, तिच्याच हाती दुसरीने त्या नागरिकाला अर्ज-दाखल्यांसाठी सोपवावे आणि त्यावर विधिमंडळात किंवा वृत्तपत्रांत फारशी चर्चाही होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आयोगाने नेमके काय चुकीचे ठरवले, ते आधी नीट पाहायला हवे. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने आपले धोरण बदलले, तेव्हा आपली माहिती फेसबुकला देऊ नये असे सांगण्याची काही दिवसांची सवलत जुन्या वापरकर्त्यांना होती. जानेवारी २०२१ मधील नव्या धोरणात ती राहिली नाही. अटी मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा तो मामला होता. इथे संदेशांतील मजकुराचा प्रश्न नव्हता, कारण तो कूटबद्धच, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता न येणाऱ्या रूपात, असतो. प्रश्न होता तो वापरकर्त्याचा क्रमांक, त्याचे उपकरण, व्यावसायिक खात्यांशी होणारे त्याचे व्यवहार अशा भोवतालच्या माहितीचा आणि त्या माहितीच्या जोरावर जाहिरातींच्या वेगळ्याच बाजारात कंपनीला मिळणाऱ्या बळाचा.

‘पटत नसेल तर सोडून द्या’ हे म्हणणे सोपे आहे. आमच्याकडे गावच्या दूध संस्थेचे निरोप, शाळेतल्या पालकांचा गट, पेठेतल्या तालमीचा गट, ऊसतोडीच्या पाळीची सूचना, इतकेच नव्हे तर कोणाच्या घरी दुःखद घटना घडली तर रक्षाविसर्जनाची वेळसुद्धा व्हॉट्सॲपवरच येते. एकट्याने बाहेर पडणारा माणूस गावातून उठल्यासारखा होतो. म्हणूनच अशा ठिकाणी घेतलेल्या संमतीला खरी संमती म्हणता येत नाही, आणि आयोगाच्या निर्णयाचा गाभाही माझ्या मते हाच आहे. मेटाने अपील केले. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने, जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी स्थगित केली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने ही बंदी रद्द केली, दंड मात्र कायम ठेवला. म्हणजे शासनाने करार जाहीर केला, तेव्हा हे प्रकरण अपिलात चालू होते, आणि त्याच्या निकालाची वाट पाहण्याची गरज मंत्रालयात कोणालाही वाटली नाही.

सोयीला माझा विरोध नाही. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरील एखाद्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागत असेल आणि तेच काम घरबसल्या होणार असेल, तर ते व्हायलाच हवे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा तिचा हक्क ठरवला आहे. परंतु त्या हक्काच्या वाटेवर एका खासगी कंपनीचे खाते उघडण्याची अट अप्रत्यक्षपणेही येता कामा नये, आणि त्या कंपनीची पकड घट्ट करण्यासाठी शासनाचे वजन तर मुळीच वापरले जाऊ नये. ज्याच्याकडे आधीच सगळे गाव जाते, त्याच्याच दारात शासनानेही आपली खिडकी उघडली, तर उद्या दुसरा कोणी चांगला, माहिती न गोळा करणारा पर्याय घेऊन आला तरी त्याच्याकडे कोण वळणार?

आमच्या घराची शाहूपुरीत पूर्वी गुळाची अडत होती, त्यामुळे बाजारपेठ म्हणजे काय हे मी पुस्तकांत वाचण्याआधी दुकानात पाहिले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ वसवली. गुळाचा व्यापार वाढावा, शेतकऱ्याच्या मालाला हक्काची जागा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. घरातील जुनी माणसे कापडाखाली बोटे धरून भाव ठरवण्याच्या पद्धतीविषयी सांगत. ज्याचा गूळ विकला जाई, त्या शेतकऱ्याला समोर उभे राहूनही भाव कसा ठरला हे कळत नसे. हातात पट्टी पडली की तेवढाच त्याचा भाव. बाजार समित्यांच्या कायद्याने सौदे उघडे झाले, तोलाईला परवाना आला, वजनातील कडता आणि मनमानी कपाती यांना आळा घालण्याचा प्रयत्न झाला. हे सगळे पूर्णपणे सुधारले असे मी म्हणणार नाही. पण अडत्या ज्याचा माल विकतो, त्याचाच तो गुपचूप खरेदीदार होऊ नये, हा पेठेचा मूळ शिरस्ता होता आणि तो मोडणाऱ्याकडे पेठेत कोणी मानाने पाहत नसे.

हे सांगण्याचे कारण एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संघीय न्यायालयाने गूगलविरुद्ध दिलेला निकाल हे आहे. आपण एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा पान दिसण्यापूर्वीच्या क्षणार्धात त्यावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. त्या लिलावात वृत्तपत्राच्या वतीने जागा विक्रीला मांडणारे साधन गूगलचे, जाहिरातदाराच्या वतीने बोली लावणारे साधन गूगलचे, आणि ज्या बाजारात हा सौदा होतो तो बाजारही गूगलचा. पेठेच्या भाषेत सांगायचे, तर शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा दलाल आणि मार्केट यार्डाचा मालक हे तिघे एकच. यांपैकी प्रकाशकांचे साधन आणि सौद्याचा बाजार या दोन ठिकाणी गूगलने बेकायदा मक्तेदारी उभी केली, आणि ही दोन्ही एकमेकांना बांधून ठेवली, असे न्यायालयाने म्हटले. जाहिरातदारांच्या बाजूचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. संपादक महोदय, हा प्रश्न तुमच्या व्यवसायाच्या पोटाचा आहे. आपल्या देशातही डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला होता. जिल्हा पातळीवरील दैनिकांना आपल्या बातमीशेजारच्या जाहिरातीचे नेमके किती मोल झाले आणि मधल्यांनी त्यातून किती कापले, हे आज कळत नसेल, तर त्यांची अवस्था कापडाखालच्या सौद्यातील शेतकऱ्यापेक्षा वेगळी नाही.

आयोग काहीच करत नाही, असेही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिल्यावर गूगलला भारतात आपल्या अटी सैल कराव्या लागल्या. मोबाइल बनवणाऱ्यांना गूगलची सगळी ॲप एकगठ्ठा घेण्याची सक्ती कमी झाली आणि शोधयंत्र निवडण्याची मुभा वापरकर्त्याला मिळाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड पूर्ण कायम ठेवला. अडचण वेळेची आहे. या प्रकरणाची चौकशी एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली होती. साडेतीन वर्षे चौकशी, मग अपील, मग पुन्हा अपील, आणि तोवर बाजार ज्याच्या हाती जायचा त्याच्या हाती गेलेला असतो.

यावर उपाय म्हणजे गुन्हा घडून गेल्यावर चौकशी करण्याऐवजी मोठ्या कंपन्यांची कर्तव्ये आधीच लिहून ठेवणे. कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. गाळप सुरू होण्याआधी उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत केंद्र सरकार जाहीर करते, आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. त्या दंडकासाठीही आंदोलने करावी लागतात ही गोष्ट खरी, परंतु आंदोलन करायला हातात निदान एक लिखित नियम असतो. कारखान्याने लुबाडले हे प्रत्येक शेतकऱ्याने न्यायालयात सिद्ध करत बसावे, असे आपण कधी म्हटले नाही. युरोपीय संघाने डिजिटल बाजारांसाठी असाच पूर्वनियमांचा कायदा केला आणि मार्च २०२४ पासून त्यातील बंधने मोठ्या कंपन्यांवर लागू झाली. आपल्याकडे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये अशा कायद्याची शिफारस केली, मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध झाला, पण त्याचा अजून कायदा झालेला नाही. कोणती कंपनी ‘मोठी’ हे ठरवणाऱ्या मसुद्यातील मर्यादा भारतीय नवउद्योगांनाही अडचणीच्या ठरतील, अशी एक तक्रार आहे. ती खरी असेल तर मर्यादा बदलाव्यात. विधेयकच बाजूला ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

हे का रेंगाळते, याचा विचार करताना जागतिक परिस्थितीकडे डोळेझाक करता येत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शपथविधीत मेटा, ॲमेझॉन आणि गूगल यांचे सर्वोच्च अधिकारी अगदी समोरच्या रांगांत बसलेले जगाने पाहिले. मेटा आणि ॲमेझॉन यांनी त्या सोहळ्याच्या निधीला प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकन तंत्रज्ञान कंपन्यांवर परदेशांत लावले जाणारे कर आणि दंड यांच्याविरुद्ध प्रतिउपाय करण्याचा आदेश अध्यक्षांनी काढला. आपण २०१६ पासून परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात-उत्पन्नावर घेत असलेला सहा टक्क्यांचा समकारी कर, ज्याला बोलीभाषेत गूगल कर म्हणत, तो अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू असताना १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. हा सगळा प्रश्न परदेशी कंपन्यांचाच आहे, असेही समजू नये. २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि गूगलने ३३,७३७ कोटी रुपये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये गुंतवले. म्हणजे जे परस्परांचे प्रतिस्पर्धी व्हायला हवेत, ते एकाच घरातील भागीदार आहेत, आणि त्या घराचे दूरसंचार जाळे आपल्या गावागावांत आहे.

न्यायालये प्रत्येक वेळी कंपन्यांच्या विरोधातच जातात असे नाही, हेही नमूद करतो. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या खरेदीवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मेटावर भरलेला खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने जिंकला. त्यामुळे कंपनीचे नाव घेताच तिला गुन्हेगार ठरवावे, असे माझे म्हणणे नाही. तपास करणाऱ्याला त्या कंपनीकडून काही मिळवायचे नसावे, एवढेच म्हणणे आहे.

माझा एक माजी विद्यार्थी कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय करतो. घरातील तिसरी पिढी याच कामात आहे. एका ऑनलाइन विक्री कंपनीने, तिचे नाव मी लिहीत नाही, ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याचे खाते बंद केले. कारण विचारले तर यंत्राने लिहिलेले तेच तेच उत्तर येत राहिले. खाते पुन्हा सुरू झाले तेव्हा दिवाळी संपली होती आणि आगाऊ मजुरी देऊन शिवून घेतलेले जोड घरात पडून होते. दाद कोणाकडे मागायची, असे त्याने मला विचारले, तेव्हा दिल्लीतील स्पर्धा आयोगाचे नाव सांगताना मलाच संकोच वाटला. न्याय जवळ मिळावा म्हणून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात येण्यासाठी या जिल्ह्याने चार दशके लढा दिला आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाले. चपलांच्या कारागिराने एका बलाढ्य कंपनीविरुद्ध दिल्ली गाठावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

राज्य शासनाने मेटाशी केलेला करार संपूर्ण मजकुरासह, मराठीत, आपल्या संकेतस्थळावर ठेवावा, अशी माझी मागणी आहे. व्हॉट्सॲप व्यावसायिक संदेशांसाठी पैसे आकारते. शासनाच्या संदेशांसाठी काय दर ठरला आहे, तो पुढे वाढला तर बोजा कोणावर पडणार, आणि दाखल्यासाठी अर्ज करणाऱ्याची कोणती माहिती कंपनीकडे राहणार, हे त्यातून स्पष्ट व्हावे. जी सेवा व्हॉट्सॲपवर मिळेल, ती त्याच शुल्कात आणि तितक्याच दिवसांत ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर, सेतू केंद्रात आणि तहसील कचेरीतही मिळेल, असा शासन निर्णय निघावा. स्पर्धा आयोगाने दोषी ठरवलेल्या कंपनीशी करार करण्यापूर्वी तो निष्कर्ष मंत्रिमंडळापुढे ठेवण्याचे बंधनही असावे. आणि डिजिटल स्पर्धा विधेयक कोठे अडले आहे, असा प्रश्न कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी संसदेत लेखी विचारावा. या पत्राची प्रत मी दोघांच्याही कार्यालयांना आजच टपालाने पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य प्राध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर