दुखत नाही म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या पिण्याचा विषय निघाला की बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि आई, तू लगेच हवापाण्यावर येतेस. म्हणून लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही.

बाबा, "मला कुठे काय दुखतंय?" हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. दुखणारच नाही. लिव्हरच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाहीत. कळतात त्या वरच्या आवरणाला, आणि तेही ताणलं गेलं तरच कुरकुरतं. काळीज म्हटलं की आपण हात छातीच्या डावीकडे नेतो, पण या शब्दाचा जुना अर्थ यकृत, उजव्या बरगड्यांखालचं. हे शब्दकोडं सोडवताना तुम्हीच मला सांगितलं होतंत.

दुसरं उत्तर, "मला चढत नाही." त्यात कौतुक काही नाही. मेंदूला सवय झालीय, लिव्हरला त्यातून सूट मिळत नाही. 60 मिलीचे 3 पेग, दारू 40 टक्क्यांची धरली, तर सुमारे 57 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. रोज, आणि निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून. पाणी जास्त घातलं, बाटली भारीतली आणली, तरी हा आकडा तेवढाच राहतो.

हे अल्कोहोल फोडताना लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते दारूहूनही विषारी. त्याचा निचरा करण्यात पेशी इतक्या गुंततात की चरबी जाळायचं काम मागे पडतं आणि ती तिथेच साचते. मागच्या सोनोग्राफीत आलं होतं ते फॅटी लिव्हर हेच. "सगळ्यांनाच असतं" म्हणत तुम्ही फाइल मिटलीत. खूप पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना असतं, खरंय. आणि पिणं थांबलं की बहुधा काही आठवड्यांत ओसरतं, हेही खरंय. तेव्हाच थांबला असता तर एवढं लिहावं लागलं नसतं.

पुढे सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली की जखमेवर धरावा तसा व्रण लिव्हरभर धरत जातो, मऊ अवयव कडक, गाठाळ होतो. हाच सिऱ्होसिस. मग आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. ते मागे तुंबतं, पाणथरी (प्लीहा, स्प्लीन) फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. पोटात पाणी भरतं, ज्याला जलोदर म्हणतात. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या तर रक्ताची उलटी होते. अमोनियासारखी घाण मेंदूपर्यंत पोचली की माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, बोलता बोलता हरवतो. सगळे सिऱ्होसिसपर्यंत जात नाहीत. अनेक वर्षं भरपूर पिणाऱ्यांत साधारण 10 ते 20 टक्के जातात. त्यांत आपण आहोत का, हे आधी कुणालाच कळत नाही.

आता तुमचा या महिन्याचा रिपोर्ट. लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे: एसजीओटी 112, एसजीपीटी 48. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा असला की डॉक्टरांना आधी दारूचाच संशय येतो. पण मला झोप लागू दिली नाही ती कमी झालेल्या प्लेटलेटनी: 1,12,000. पाणथरीचं वर लिहिलंय ते यासाठीच. हे सिऱ्होसिसच आहे असं मी म्हणत नाही, तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये.

आई, आता तुला. कुणी विचारलं की "त्यांना जरा पित्त झालंय" हे सांगणं सोड. अंगदुखीला डब्यातली गोळी काढून देऊ नकोस; साधी पॅरासिटामॉलसुद्धा रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला जड जाऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच दे. आणि रागाच्या भरात बाटल्या ओतून टाकू नकोस. मागे एकदा ओतल्यास, मला माहीत आहे. इतक्या वर्षांची सवय एकदम तुटली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो. यात जीवही जातो. यावर औषधं आहेत, बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मी शुक्रवारी रात्री पोचतेय. शनिवारी सकाळी 10 ची वेळ घेतलीय. फायब्रोस्कॅन करतील, त्यात सुई नाही, बरगड्यांवर बारीक थाप मारून लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. सिऱ्होसिस निघाला तरीही दारू थांबवल्याने आयुष्य वाढतं. जुने रिपोर्ट काढून ठेवा, मिटून ठेवलेली ती फाइलसुद्धा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर 3 पेगांचे 2 करून सांगू नका, मी शेजारीच बसलेली असेन.

तोवर बाबा, हे वाचून इरेला पेटून एकट्याने अचानक बंद करू नका. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून तुम्हाला हसू येणार, माहीत आहे.

तुमची,
थोरली