सरसकट ‘फॉर्मॅट मारा’ नको

महोदय,

विंडोज १० सोडून ११ वर जाण्याबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाचे दोन सल्ले आहेत. एक, अपग्रेडच्या (जुन्यावरच नवं चढवण्याच्या) भानगडीत न पडता सरळ फॉर्मॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, कोरं विंडोज टाका. दोन, पुढे काय येणार ते आधीच पाहायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या इनसायडर या चाचणी कार्यक्रमात नाव नोंदवा, फुकट आहे. पहिला सल्ला अर्धाच खरा आहे आणि दुसरा घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरसाठी धोक्याचा आहे.

मी मिरजेत डीटीपीचं दुकान चालवते. पत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं अशी कामं असतात. नवं विंडोज बाजारात येण्याआधी मी त्याची चाचणी आवृत्ती दुकानातल्या एका जादा पीसीवर चालवून बघते. हौस म्हणून नव्हे. आमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक (कॉम्प्युटरला जोडायची किल्ली) लागतो, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नव्या विंडोजला पटला नाही तर दुकान बंद. शिवाय जुन्या फाइली युनिकोडमधल्या, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीतल्या, नाहीत. नेमका तोच फॉन्ट मशिनवर नसेल तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उभी राहते. ‘फॉर्मॅट मारा’ म्हणणाऱ्याला हे फॉन्ट परत गोळा करायचे नसतात. ते मला करायचे असतात.

अपग्रेड की कोरं, हा वाद नवा नाही. जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ ची बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, सर्वांसाठी खुली झाली तेव्हा मीही ती उतरवून घेतली होती. बीएसएनएलच्या आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाऊनलोड मोजलं जात नसे, म्हणून घड्याळाचा गजर लावून. त्यानंतर मे महिन्यात आरसी, म्हणजे जवळपास अंतिम आवृत्ती येणार होती. बीटा वापरणाऱ्यांना ती बीटावरच चढवायची होती. कंपनीच्या अभियंत्यांनी एप्रिलमध्येच जाहीरपणे सांगितलं की तसं करू नका, व्हिस्टावर (विंडोज ७ च्या आधीच्या विंडोजवर) परत जा आणि तिथून अपग्रेड करा, नाहीतर कोरं टाका. कारण साधं होतं. दुकानातून विंडोज ७ विकत घेणाऱ्या माणसाकडे बीटा असणार नव्हती, व्हिस्टा असणार होती. बीटावरून आरसीवर जाताना निघालेल्या अडचणी त्या माणसाच्या कधीच नसत्या, आणि त्या निस्तरण्यात वेळ गेला असता. तरीही ज्यांना हट्टच होता त्यांच्यासाठी मार्गही त्यांनीच सांगून टाकला: डीव्हीडीतल्या सोर्सेस फोल्डरमध्ये सीव्हर्जन नावाची छोटी फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडून त्यातला बिल्डचा (आवृत्तीच्या क्रमांकाचा) किमान आकडा खाली आणायचा. लोकांनी अर्थातच तो आणला.

मला त्या वादात कंपनीचं म्हणणं पटलं होतं, आजही पटतं. चाचणी करायची तर सामान्य माणूस ज्या वाटेनं जाणार त्या वाटेनं करा. पण त्याचा दुसरा अर्थ चाचणी करणारे विसरतात. सामान्य माणूस बहुधा अपग्रेडच करतो. सगळ्या हौशी मंडळींनी कोऱ्या डिस्कवर चाचणी केली, तर लाखो लोक ज्या पुलावरून जाणार आहेत त्यावरून आधी कुणी चाललेलंच नसतं.

ऑक्टोबर २०१८ ची गोष्ट लेखकाने लिहायला हवी होती. त्या महिन्याच्या २ तारखेला विंडोज १० चं १८०९ हे अपडेट आलं आणि काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण काहींच्या फाइली पुसल्या जात होत्या. कुणाच्या? ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डर मूळ जागेवरून दुसरीकडे वळवले होते, पण आधीच्या जागी काही फाइली राहिल्या होत्या, त्यांच्या. अपडेटने तो जुना फोल्डर रिकामा समजून आतल्या ऐवजासकट काढून टाकला. आता आपल्याकडे प्रत्येक दुरुस्तीवाला डिस्कचे सी आणि डी असे तुकडे करून देतो आणि ‘महत्त्वाचं डीवर ठेवा’ म्हणून बजावतो. म्हणजे या भानगडीत सापडण्याची तयारी घरोघरी होती. कंपनीच्या हिशोबाने तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच होत्या. पण ज्याचे फोटो गेले त्याला हा हिशोब सांगून काय उपयोग? आणखी एक गोष्ट उघड झाली. चाचणी करणाऱ्या काहींनी हा दोष आधीच कळवला होता, पण फीडबॅक हब या कंपनीच्या तक्रार नोंदवायच्या अ‍ॅपवर त्या तक्रारींना पुरेशी मतं मिळाली नाहीत म्हणून त्या तळाशी पडून राहिल्या. कोऱ्या मशिनवर हा दोष दिसणारच नव्हता, मग मतं देणार कोण? दुरुस्त केलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला आलं आणि तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोयही या गोंधळानंतर झाली.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तो माझ्याशी भांडतो. “मावशी, अपग्रेड केलेल्या मशिनवर बग दिसला तर तो नव्या बिल्डचा की तुझ्या जुन्या प्रिंटर ड्रायव्हरचा, हे कसं सांगणार तू?” बरोबर आहे त्याचं. म्हणून मी आधी अपग्रेड करते, आणि काही बिघडलं तर दुसऱ्या डिस्कवर तोच बिल्ड कोरा टाकून बघते. तिथेही तसंच झालं तर दोष बिल्डचा, नाहीतर शोध माझ्या सामानात. याला वेळ लागतो हे मान्य.

‘अपग्रेडमध्ये जुना कचरा तसाच राहतो’ हे लेखातलं वाक्य मात्र जुन्या काळातलं आहे. व्हिस्टापासून विंडोजचं सेटअप आधीच बांधलेल्या तयार प्रतीवरून (इमेजवरून) नवं विंडोज मांडतं, तुमचे प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज त्यात आणून बसवतं आणि आधीचं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात बाजूला ठेवतं. विंडोज ११ मध्ये त्यावरून परत फिरायला १० दिवस मिळतात. कचरा येतो तो तुमच्या प्रोग्रॅमांबरोबर. मशिन व्हायरसने सडलं असेल किंवा सेटअपच मध्ये अडकत असेल तर फॉर्मॅट जरूर मारा, मीही मारते. पण २०२४ पासूनच्या २४एच२ आवृत्तीत कोरं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशिनवर डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं कुलूप) आपोआप सुरू होतं, नुसत्या अपग्रेडने होत नाही. उद्या मदरबोर्ड गेला की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या खात्यात असते, आणि खातं पुष्कळदा दुरुस्तीवाल्या पोराने स्वतःच्या मोबाइलवरून उघडलेलं असतं. असे ग्राहक हल्ली माझ्याकडे येतात. मला काहीही करता येत नाही.

इनसायडरचंही तसंच. चाचणीच्या कॅनरीसारख्या अगदी कोवळ्या टप्प्यावर (चॅनेलवर) मशिन नेलं की परतीची नेहमीची वाट फॉर्मॅटमधूनच जाते, आणि चाचणी बिल्डना मुदत असते. विंडोज ७ ची आरसी १ मार्च २०१० पासून दर दोन तासांनी आपोआप बंद पडू लागली होती, ऐन मार्चअखेरीत. ज्यांना नवं आधी बघायचंच आहे त्यांनी बाजारात येण्याच्या बेतात असलेल्या आवृत्त्यांचं रिलीज प्रीव्ह्यू चॅनेल घ्यावं, तेही जादा मशिनवर.

लेखकाला एक विनंती. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि सेटिंग्जचा बॅकअप खात्यात चालू केला तर ती पैसे न देता मिळते. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असलेली बहुतेक मशिनं विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. पुढच्या लेखात आधी हे छापा, आणि फॉर्मॅटच्या आधी काय काय कॉपी करून ठेवायचं त्याची यादीही द्या. त्यात फॉन्टचा फोल्डर विसरू नका.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, मिरज