छातीत पाणी म्हणजे टीबीच?

मा. संपादक,
स. न.

आमच्या ग्रामपंचायतीवर ‘टीबीमुक्त गाव’चा फलक लागला, चांगलंच झालं. पण याच गावात माझ्या मोठेबाबांनी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, आणि त्यांना टीबी नव्हताच.

वावरातून येता येता दम लागून ते धुऱ्यावर बसायचे. एक्स-रेत उजवीकडे पाणी दिसलं. तालुक्याला सुई घालून दीड लिटर काढलं, काळ्या चहासारखं. बाटली माझ्यासमोर बेसिनमध्ये ओतली, तपासायला थेंबही गेला नाही. ‘आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे टीबीच,’ म्हणून गोळ्या सुरू. अनेकदा ते खरंही असतं, म्हणून डॉक्टरांवर राग नाही. राग त्या बेसिनचा आहे. पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं.

नागपूरला पहिलाच प्रश्न आला, ‘तरुणपणी काय काम करायचे?’ मोठेबाबा आठ वर्षं गिरणीत बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळत. मोठी आई सांगते, कपडे झटकले की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं उडायचं. त्या धुळीतून फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, २० ते ५० वर्षांनी वर येतो. काढलेल्या पाण्यात त्याच्या पेशी दरवेळी सापडतातच असं नाही. सीटी स्कॅन झाला, मग दुर्बिणीने आवरणाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कुठे निदान झालं. ऑपरेशन मोजक्याच रुग्णांना झेपतं. मोठेबाबांना पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या औषधांची केमो चालू आहे. पाणी पुन्हा साचू नये म्हणून छातीत टाल्कची भुकटी सोडली. रोग जाणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण रात्रभर उशी कवटाळून बसणारा माणूस आता आडवा होऊन झोपतो.

केसपेपरवर नाव, वय, गाव असतं. त्याखाली ‘आधीचं काम’ एवढी एक ओळ छापावी. काढलेलं पाणी एडीए (टीबी ओळखायला मदत करणारी चाचणी) आणि पेशींच्या तपासणीला पाठवावं. टीबीचा पुरावा नसताना पाणी पुन्हा भरलं, तर रुग्णाला बायोप्सीसाठी मोठ्या दवाखान्यात धाडावं. गिरण्यांत, बॉयलरवर राबून परतलेली माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत. (आणि गोठ्यावरचे सिमेंटचे जुने पत्रे कटरने कापणारी पोरंही. त्यातही हाच ॲस्बेस्टॉस असतो.)

कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा आजार होता, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण कागदावर टीबी लिहिलेला असेल तर भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

— एक वाचक, जि. वर्धा