कॅमेरा चालू ठेवल्याबद्दल

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळपासून तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नवोदितांच्या फोटोंचा पाऊस पडेल आणि पहिली शिवी मला बसेल. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, सेल्फ टेस्ट पाठवलीस का?" म्हणून, म्हणजे घरीच शूट केलेल्या ऑडिशनचं विचारून, विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. भूमिकांसाठी नट शोधणाऱ्या तुमच्यासारख्या कास्टिंग असिस्टंटचं नाव श्रेयनामावलीत आलं तरी ते येईपर्यंत प्रेक्षक पुढच्या एपिसोडवर गेलेला असतो. निदान कुठेतरी चार माणसांनी वाचावं की असं कुणीतरी काम करतं.

वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंग ऑफिसांच्या दारातल्या पोराने वरपासून खालपर्यंत बघायचं, "नॉट फिट" म्हणायचं आणि आपण निमूट पुढच्या गेटकडे वळायचं, हा तिथला शिरस्ता. मला ते फारसं ऐकावं लागलं नाही. माझी अडचण उलटी होती. मी एका गोष्टीसाठी इतकी फिट होते की ती रिक्षातून उतरतानाच लोकांना दिसायची. सावळा रंग, काटक अंग, हिंदीला मराठी हेल. झाली कामवाली. ग्रुपवर मेसेज यायचा, ‘फीमेल, 25 ते 30, महाराष्ट्रीयन लुक, एक दिवसाचं काम’, आणि त्याखाली मैत्रिणी मलाच टॅग करायच्या.

मी सांगलीची. आमच्याकडे विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं, हे पोराटोरांना बाराखडीबरोबर शिकवतात. तेव्हा नाटकाचं वेड काही मी वेगळं कमावलेलं नाही. पुण्यात कॉलेजला असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत मी निवृत्त पोस्टमास्तर केला होता. पुरुष, सत्तरीचा, दम्याचा पेशंट. भरत नाट्य मंदिरात माझा रंग कुणी विचारला नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही, एवढंच विचारलं. तिथून मुंबईला आले आणि माझा चेहराच माझ्याआधी ऑडिशन देऊन मोकळा व्हायला लागला.

हिंदी मालिकेतली कामवाली कुठल्या गावची असते, देव जाणे. साडी गच्च खोचलेली, डोक्यात गजरा, तोंडी "क्या मेमसाब". आमच्या ओशिवऱ्याच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या बायका पंजाबी ड्रेसमध्ये येतात, कानात इअरफोन असतो, आणि एखादीच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी कशी भरायची याचा हिशोब लिफ्टमध्येच चाललेला असतो. हे मी एकदा एका सेटवर बोलले. "मॅडम, इतना रिअल नहीं चाहिए," असं उत्तर मिळालं. मेकअपदादांना सूचना असायची, एक शेड डार्क करा. म्हणजे ज्या रंगामुळे घेतलं, तोही पुरेसा नाही! ते बिचारे माझ्याकडे न बघता स्पंज फिरवायचे.

कामवालीची भूमिका हलकी, असं मला कधीच वाटलं नाही. तिला भूमिका म्हणायला कुणी काही लिहिलेलंच नसायचं, हे माझं दुखणं. चहा आणायचा, दाराआडून ऐकायचं, मालकिणीने रडायला सुरुवात केली की ट्रे धरून उभं राहायचं. तेवढ्यासाठी बारा तासांची शिफ्ट आणि नव्वद दिवसांनी पैसे. पण खोलीचं भाडं त्याच पैशांतून गेलं, हेही खरं.

ऑफिसच्या पायरीवर कटिंग पिताना मी रडगाणं लावलं की तुम्ही जगदीश राज यांचं उदाहरण द्यायचात. त्यांनी 144 चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केला, गिनीज बुकात नाव गेलं. "घर चाललं ना त्यांचं?" हा तुमचा प्रश्न. मी ललिता पवारांवर यायचे. 1942 साली शूटिंगमध्ये जोरात थप्पड बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कामं संपली. मग तोच डोळा घेऊन त्यांनी सगळ्या देशाला सासू म्हणजे काय ते दाखवलं. पण 1959 च्या ‘अनाडी’त कुणीतरी त्यांना प्रेमळ मिसेस डिसा दिली आणि फिल्मफेअर मिळालं ते त्यासाठी. "कुणीतरी दिली म्हणून ना!" मी म्हणायचे. त्यावर तुम्ही गप्प. पडद्यावरच्या खलनायकावर, निळूभाऊ फुल्यांवर मात्र आपलं एकमत असायचं. सेवादलात वाढलेला, इतका सज्जन माणूस, आणि गावोगावच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या.

मग ती डिटर्जंटच्या जाहिरातीची टेस्ट. अर्थातच कामवाली. माझं झालं, मी गजरा काढायला लागले, आणि तुम्ही कॅमेरा बंदच केला नाहीत. "तोंड धुऊन ये," म्हणालात. खुंटीवर कुणाचा तरी पांढरा शर्ट लटकत होता, तो घालायला लावलात. बाह्या इतक्या लांब की दुमडून दुमडून कोपरापाशी गोळा झाला. हातात एक कागद दिलात. सरकारी वकील, साक्षीदाराची उलटतपासणी. मी वाचलं. चांगलं वाचलं, असं मला वाटलं.

तुम्ही म्हणालात, "आवाज ठीक आहे. हात बघ तुझा."

माझा उजवा हात खांद्याशी गेला होता. नसलेला पदर खोचायला. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. वाक्य वकिलाचं, मान किंचित खाली, हात पदराशी. लोक मला एकाच साच्यात बघतात म्हणून मी जगाला दोष देत होते आणि इकडे तो साचा माझ्या खांद्यात येऊन बसला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकांना ते चालत होतं, किंबहुना तेच हवं होतं. तुम्ही बाहेरची रांग थांबवून मला वाचायला लावत राहिलात, मधल्या वेळात दारावरच्या पोराची दोनदा समजूत काढलीत, आणि हात टेबलावर शांत पडून राहिला तेव्हाच "कट" म्हणालात.

त्या वकिलाच्या भूमिकेसाठी प्रॉडक्शनने उंच, गोरी, ‘शहरी’ मुलगी मागितली होती, हे मला खूप नंतर कळलं. तुम्ही माझी टेस्ट बाकीच्यांच्या मधोमध घालून पाठवलीत, वेगळी शिफारस न करता. शिफारस केली असतीत तर आधी माझ्या फोटोकडे बघितलं गेलं असतं, हे तुमचं गणित. कास्टिंगमध्ये अक्कल म्हणतात ती ही.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत: कामवालीची कामं करायची असतील तर खुशाल कर, पण शोरीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या क्लिपांच्या व्हिडिओत, त्यांतलं एकही लावू नकोस. रीलमध्ये जे दिसतं तेच माणूस पुन्हा मागतो. त्या रात्री मी सगळ्या ट्रे-चहाच्या क्लिपा काढून टाकल्या. उरला जेमतेम अर्ध्या मिनिटाचा ऐवज, त्यातही निम्मा पोस्टमास्तर.

वकिलीणबाई मिळाली. एडिटमध्ये तिचे दोनच सीन उरले, आणि त्यातल्या एकात मी पाठमोरी आहे. आईने तरी सांगलीत शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. पाठमोरा सीनही थांबवून दाखवला. त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. ‘महाराष्ट्रीयन लुक’वाले मेसेज अजून येतात, काही मी घेतेही. पण त्यांच्या जोडीने आता एखादी नर्स येते, एखादी तलाठी, मध्यंतरी तर एक खुनीही आली. खुनी मिळाल्याचा एवढा आनंद आमच्याच धंद्यात होत असेल.

यात तुमचा फायदा काहीच नव्हता. माझी निवड झाली म्हणून तुमचा पगार वाढला नाही, आणि त्या दिवशी रांग खोळंबली म्हणून बॉसची बोलणी खाल्लीत ती तुम्हीच. दादा, त्याबद्दल मनापासून आभार. आता विषय बदलू नका.

आणि हो, पुढच्या महिन्यात पार्ल्याला दीनानाथमध्ये आमच्या नाटकाचा प्रयोग आहे. मी घरमालकीण करतेय, चांगली खमकी. तिकीटबारीवर तुमच्या नावाने दोन पास ठेवते, वहिनींनाही आणा. मध्यंतरात वडा खायला रेंगाळू नका. दुसऱ्या अंकाचा पडदा माझ्याच वाक्यावर उघडतो.

तुमची,
‘महाराष्ट्रीयन लुक, 25 ते 30’