दिल्लीची बातमी चालते, उसाच्या फडातली का नाही?

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमची संस्था सोलापूर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात सामुदायिक रेडिओ केंद्र चालवते. ५० वॅटचा ट्रान्समीटर, दहा-बारा किलोमीटरचा टापू. ऊसतोडीचा हंगाम लागला की बीडकडच्या तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, तांड्यांवरची बंजारा कुटुंबं येतात, नंदुरबारकडचे भिल्ल-पावरा येतात आणि कारखान्याभोवती कोप्यांचं, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांचं, दुसरं गाव उभं राहतं. गावाच्या लेखी ते ‘टोळीवाले’, त्यांच्या लेखी गावातले सगळे ‘मालक’. एकाच हापशावर पाणी भरूनही दोघांना एकमेकांची नावं माहीत नसतात. आमचं काम या दोघांच्या मधलं.

या कामात कळलेली पहिली गोष्ट अगदी साधी आहे. पहाटे अंधारातच फडात गेलेल्या बाईचा कान मोकळा होतो तो संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर. दुपारी दोनच्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा तिला उपयोग शून्य, मग डॉक्टर कितीही चांगला बोलो. दुसरी गोष्ट, माइकसमोर कोण बसतं याला फार महत्त्व आहे. कोपीतलीच एक मुलगी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायला लागली आणि केंद्राचा फोन वाजायला लागला. होळीच्या सुमाराला लेंगी, म्हणजे बंजारांची होळीची गाणी, लावल्या तेव्हा तर गावातल्या बागायतदारांनीही ‘परत लावा’ म्हणून सांगितलं. (आमच्या अहवालातल्या ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ या मथळ्याखाली एवढा खरा मजकूर क्वचितच असतो.)

पण फोनवर सर्वाधिक मागणी गाण्यांची नव्हती, बातम्यांची होती. वाढ्यांचा (चाऱ्याला विकल्या जाणाऱ्या उसाच्या शेंड्यांचा) दर काय चाललाय? शेजारच्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी संपणार? उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणून मुकादमानं, म्हणजे टोळीच्या ठेकेदारानं, एका जोडप्याला अडवून ठेवलंय, ते खरं का?

इथे आमचं तोंड बंद होतं. आपल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आम्हाला फक्त आकाशवाणीच्या बातम्या देता येतात. त्याही जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत अनुवाद करून. म्हणजे दिल्लीतली बातमी गोरमाटीत सांगायला आम्ही मोकळे, पण फडातली बातमी कोणत्याच भाषेत सांगता येत नाही. वाहतूक आणि हवामान यांची माहिती बातमीत धरली जात नाही, ही आपली सवलत. गेल्या हंगामात रात्री उसाची ट्रॉली उलटली, तेव्हा त्या सवलतीनुसार आम्ही ‘रस्ता बंद आहे, पर्यायी मार्ग वापरावा’ एवढं सांगितलं. कोण जखमी, कुठल्या दवाखान्यात नेलं, हे कोप्यांमध्ये व्हॉट्सअॅपवरून कळत होतं आणि त्यात निम्म्या अफवा होत्या. गावातले लोक म्हणत होते टोळीवाला दारू प्यायला होता, कोप्यांत बोललं जात होतं की मालकानं वजन जास्त भरायला लावलं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी ऐकू जाईल असं साधन आमच्या हातात होतं आणि आम्ही त्यावर गाणी लावली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रालयानं आमच्या जाहिरातींची वेळ तासाला १२ मिनिटं केली, सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपयांवर नेला. त्याबद्दल मनापासून आभार, वीजबिलाला मोठा हातभार लागला. मात्र पैशांची अडचण आणि ही अडचण, दोन्ही वेगळ्या आहेत.

बातम्यांवरच्या या बंधनामागची सुरक्षेची काळजी आम्हाला समजते. पण आमचं प्रत्येक प्रक्षेपण तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. मागाल तेव्हा ऐकवू. त्याच तालुक्यातली साप्ताहिकं आणि यूट्यूब चॅनेल हवं ते बोलतात, त्यांना कुणी अडवत नाही. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं. खासगी एफएमसाठीचा फक्त आकाशवाणीच्या बातम्यांचा नियम आमच्यासारख्या, आपण कोणत्या समाजासाठी आहोत हे परवाना मागतानाच लेखी देणाऱ्या केंद्रांना सरसकट का लावायचा?

सगळ्या बंधनांतून सूट मिळावी असं आम्ही म्हणत नाही. केंद्राच्या प्रक्षेपण क्षेत्रातल्या घटनांची, दोन्ही बाजू विचारून केलेली बातमी देण्याची मुभा निदान काही केंद्रांना प्रायोगिक म्हणून द्या. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतील. त्याआधी निर्णय झाला तर वार्ताहरांची निवड आम्ही कोप्यांतूनही करू आणि गावातूनही.

आपली,
सामुदायिक रेडिओ केंद्रातली एक कार्यकर्ती
सोलापूर जिल्हा